ट्रायथलॉन, जोडीदार आणि आपला पैरा



आपल्या या पत्रिकेत बहुधा खोडव्याची निगा, हुमणीचा बंदोबस्त, ठिबकचे अनुदान, ऊसबिलाचा हप्ता असे विषय येतात, आणि ते यायलाच हवेत. पोटापाण्याचा प्रश्न पहिला. परंतु ज्या देहाच्या जोरावर हे सारे करायचे, त्या देहाबद्दल आपण वर्षातून एकदाही बोलत नाही. म्हणून या खेपेस आम्ही जरा वेगळा विषय मांडत आहोत. विषय ट्रायथलॉनचा आहे, आणि त्याहून अधिक तो जोडीदाराचा आहे.

आम्ही म्हणजे आपल्या कार्यक्षेत्रातले चार ऊस उत्पादक सभासद. सर्वांत धाकटे अडतीस वर्षांचे, थोरले बावन्नचे. चौघांत एक भगिनी सभासद आहेत, त्यांना आम्ही वहिनी म्हणतो. गेले चार महिने आम्ही पहाटे उठून पोहतो, सायकल मारतो आणि पळतो. येत्या हिवाळ्यात कोल्हापुरात पहिली ट्रायथलॉन पुरी करायची, असा आमचा निश्चय आहे. गट ऑफिसच्या कट्ट्यावर यावरून बरीच चर्चा होते. "पन्नाशीला आल्यावर हे काय खूळ?" असे कोणी विचारतो. "उसाला पाणी पाजायचं सोडून पळत सुटल्यात," असे दुसरा म्हणतो. चेष्टा करणारे आपलेच आहेत, त्यामुळे राग नाही. पण प्रश्न विचारला आहे, तर सरळ उत्तर द्यावे म्हणून हा लेखनप्रपंच.

ही स्पर्धा आहे तरी काय?

ट्रायथलॉन म्हणजे पोहणे, सायकल चालवणे आणि धावणे या तीन गोष्टी एकापाठोपाठ एक, मध्ये न थांबता करणे. पाण्यातून बाहेर आलात की ओल्या अंगाने सायकलवर बसायचे. सायकल ठेवली की पळत सुटायचे. कपडे, बूट बदलण्यात जो वेळ जातो, तोही घड्याळात धरला जातो. पोहणे पहिले ठेवतात त्याला कारण आहे. दमलेला माणूस सायकलवरून उतरून बाजूला बसू शकतो, पाण्यात त्याला तशी सोय नाही.

नवख्यांसाठी जे छोटे अंतर असते त्यात ७५० मीटर पोहणे, २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर धावणे असते. आपल्या भाषेत सांगायचे तर पन्नास फूट रुंदीची विहीर सुमारे पन्नास वेळा आडवी ओलांडायची, म्हणजे पोहणे झाले. ऑलिंपिकमधले अंतर याच्या दुप्पट : दीड किलोमीटर, ४० किलोमीटर आणि १० किलोमीटर. आणि ज्याला आयर्नमॅन म्हणतात, त्यात ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि वर ४२.२ किलोमीटरची पूर्ण मॅरेथॉन. आमचे लक्ष्य पहिल्या, सर्वांत छोट्या अंतराचे आहे. कोणी आम्हांला आत्ताच लोहपुरुष म्हणू नये.

या खेळाचा इतिहास फार जुना नाही. २५ सप्टेंबर १९७४ रोजी अमेरिकेत सॅन दिएगो येथील मिशन बे या खाडीकाठी पहिली ट्रायथलॉन झाली; ४६ जण उतरले होते. पुढे हवाई बेटांवर गप्पांच्या बैठकीत वाद निघाला, की सर्वांत दमदार कोण : पोहणारा, पळणारा की सायकलवाला? जॉन कॉलिन्स नावाच्या नौदल अधिकाऱ्याने सुचवले, की तिन्ही एकाच दिवशी करून बघू. त्यातून १८ फेब्रुवारी १९७८ रोजी पहिली आयर्नमॅन झाली. पंधरा जण सुरुवातीला उभे राहिले, बारा जणांनी ती पुरी केली. पहिला आलेल्या गॉर्डन हॉलर याला ११ तास ४६ मिनिटे ५८ सेकंद लागली. २००० साली सिडनी ऑलिंपिकमध्ये या खेळाला स्थान मिळाले. म्हणजे कट्ट्यावरच्या चार मित्रमंडळींच्या वादातून निघालेली गोष्ट बावीस वर्षांत ऑलिंपिकपर्यंत गेली. कट्ट्यावरच्या वादाला अगदीच कमी लेखू नये!

आता हे लोण आपल्याकडेही आले आहे. २०१९ च्या ऑक्टोबरात गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर अर्ध्या अंतराची आयर्नमॅन झाली. कोल्हापूर शहरातले कित्येक डॉक्टर, व्यापारी, नोकरदार परदेशी जाऊन पूर्ण आयर्नमॅन करून आले आहेत. शहरातला दुकानदार करू शकतो, तर रानात वाढलेल्या माणसाला का जमू नये? प्रश्न अंगातल्या ताकदीचा नाही, सवयीचा आहे.

"रानात राबतो, व्यायाम कशाला?"

आम्हांला सर्वांत जास्त वेळा ऐकवला जाणारा आक्षेप हा आहे. त्याचे उत्तर थोडे कडू आहे, पण आपल्याच पत्रिकेत नाही बोलायचे तर कुठे बोलायचे?

आपले वडील-आजोबा मोट हाकत, नांगर धरत, डोक्यावर पाटी घेऊन बांधाबांधाने जात. आपण काय करतो? मोटरसायकलवर रानात जातो, कळ दाबून मोटार सुरू करतो. आता तर तीही मोबाईलवरून सुरू होते. नांगरट ट्रॅक्टरने, सरी ट्रॅक्टरने, फवारणी मजुरांकडून. लागण आणि भांगलण बायाबापड्यांच्या हातून, आणि तोडणी बीडकडून आलेल्या टोळीच्या कोयत्याने. उसाच्या फडात घाम कोण गाळतो, हे छातीवर हात ठेवून सांगावे. ऊसतोड मजूर मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढतो, त्याला व्यायामाची गरज नाही. त्याला विश्रांतीची गरज आहे. बांधावर उभे राहून वजनाच्या पावतीची वाट बघणाऱ्या आपल्याला मात्र आहे.

जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे असे, की प्रौढ माणसाने आठवड्याला किमान १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा. म्हणजे रोजचा अर्धा-पाऊण तास. आपल्या सभासदांत रक्तातली साखर, रक्तदाब, गुडघेदुखी नाही असे घर आता विरळा. उसात साखर वाढली तर उतारा वाढतो, रक्तात वाढली तर आयुष्याचा उतारा घटतो. सभासदाच्या घरी हृदयविकाराचा झटका आला, म्हणजे एका रात्रीत सोसायटीच्या कर्जाचा बोजा, शिकणाऱ्या मुलांची फी आणि उभ्या उसाची जबाबदारी घरच्या बाईच्या अंगावर पडते. तेव्हा हा विषय हौसेचा म्हणून बाजूला टाकण्यासारखा नाही.

एकट्याला का जमत नाही?

तरीही कोणी म्हणेल, "व्यायाम करा, कबूल. पण चार-चौघांचा तमाशा कशाला? ज्याने त्याने आपापला करावा." येथेच आमचा खरा मुद्दा आहे.

आमच्या चौघांपैकी प्रत्येकाने पूर्वी कधी ना कधी एकट्याने व्यायाम सुरू केला होता. नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात बूट आले, महाशिवरात्रीपर्यंत माळ्यावर गेले. पहाटे पाचला गजर वाजतो तेव्हा अंथरुणातला माणूस स्वतःशी फार चांगला वकील असतो. काल रात्री लाईट उशिरा आली, पाणी पाजायला जागावे लागले. आज आभाळ आले आहे. उद्यापासून जोमाने करू. असा युक्तिवाद तो स्वतःपुढे करतो आणि न्यायाधीशही तोच असल्यामुळे खटला नेहमी जिंकतो. पण दाराबाहेर सायकलची घंटा वाजवत जोडीदार उभा असला, की तो खटला चालत नाही. गडी मुकाट उठतो.

ही आमचीच समजूत नव्हे. शास्त्रज्ञांनीही ही गोष्ट तपासली आहे. १८९८ साली नॉर्मन ट्रिप्लेट या अमेरिकन अभ्यासकाने सायकल शर्यतींच्या नोंदी पाहिल्या. एकटा घड्याळाशी झुंजणाऱ्यापेक्षा दुसऱ्याच्या सोबतीने धावणारा सायकलस्वार जास्त वेगाने जातो, असे त्याला आढळले. १९२० च्या दशकात ओटो कोलर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने बर्लिनच्या नौकानयन मंडळातल्या गड्यांकडून वजने उचलवून घेतली. जोडीत काम करताना कमजोर गडी एकट्यापेक्षा जास्त वेळ टिकला. आणि दोघांच्या ताकदीत फरक मध्यम असला, म्हणजे फार कमीही नाही आणि फार जास्तही नाही, तर हा फायदा सर्वांत जास्त दिसला. २००८ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग तर गमतीचा आहे. चढाच्या पायथ्याशी माणसे उभी करून चढ किती उभा आहे, असे विचारले. मित्र शेजारी असलेल्यांना तोच चढ एकट्यांपेक्षा कमी उभा वाटला. पुढे २००९ साली ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या वल्हेकऱ्यांवर प्रयोग झाला. तेवढेच श्रम एकट्याने केल्यानंतर आणि ताफ्याने मिळून केल्यानंतर त्यांची वेदना सोसण्याची ताकद मोजली, तर मिळून केल्यानंतर ती जास्त भरली.

आपल्या पूर्वजांनी कोणताही प्रयोग न करता हे ओळखले होते. आपल्याकडे पैरा होता. आज तुझ्या रानात माझे बैल, उद्या माझ्या रानात तुझे. कोणी इर्जिक म्हणे, कोणी सावड. त्यात पैशाचा व्यवहार नव्हता, पण उधारीची जाण होती. पैरा फेडला नाही तर गावात तोंड दाखवायला जागा नसे. तालमीतही तेच. १९१२ साली शाहू महाराजांनी खासबाग मैदान उभे केले, त्या मातीवर नावारूपाला आलेला कोणताही मल्ल जोडीदाराशिवाय तयार झालेला नाही. जोर-बैठका एकट्याने मारता येतील, लढत कोणाशी करणार? आणि आपला हा कारखाना तरी काय आहे? एकेकट्याचा ऊस कोणी विचारत नव्हता, म्हणून एकत्र आलेल्यांचा तो पैराच आहे. विना सहकार नाही उद्धार, हे आपण भिंतीवर रंगवले. देहाच्या बाबतीत मात्र ज्याचा त्याने बघावा, असे का?

चौघांचा पैरा कसा चालतो

आमच्या चौघांत कोणीही तिन्ही गोष्टींत तयार नाही. थोरले नदीकाठी वाढलेले. पाण्यात मासा, पण पळायला लागले की धाप लागते. दुसरे एके काळचे कुस्तीगीर. छाती दणकट, पण वजनामुळे गुडघे कुरकुरतात. तिसरे ऐन तारुण्यात सायकलवरून दुधाच्या किटल्या घालणारे. सायकलवर बसले की मागे वळून बघत नाहीत. वहिनी पळण्यात आम्हां तिघांना मागे टाकतात, पण चार महिन्यांपूर्वी त्यांना पोहता येत नव्हते. म्हणजे प्रत्येक जण एका विषयात गुरुजी आणि उरलेल्यांत विद्यार्थी. त्यामुळे कोणाला मोठेपणा मिरवता येत नाही आणि कोणाला कमीपणा वाटत नाही. कोलरसाहेबांचा सिद्धांत आम्हांला असा घरबसल्या लागू पडला.

आठवड्याचा बेत साधा आहे. दोन दिवस पोहणे, दोन दिवस सायकल, एक दिवस पळणे, शनिवारी विश्रांती; आणि रविवारी सायकलवरून उतरून लगेच पळायचे. या रविवारच्या कार्यक्रमाची गंमत करून बघावी. सायकलवरून उतरल्यावर पाय आपले नसल्यासारखे, लाकडाच्या ओंडक्यासारखे होतात. पाच-दहा मिनिटांनी मोकळे होतात. स्पर्धेच्या दिवशी घाबरायला होऊ नये, म्हणून ही सवय आधीच करायची असते.

दुसरी गोष्ट, वाढ हळूहळू. बॉयलर काही एकदम पूर्ण दाबावर नेत नाहीत. अग्निप्रदीपनानंतर बेताबेताने तापवतात. तसेच शरीराचे. या आठवड्यात जेवढे केले त्याच्या दहा टक्क्यांहून फार जास्त पुढच्या आठवड्यात करू नये, असा जुन्याजाणत्यांचा ठोकताळा आहे. आणि एक दिवस दुप्पट गाळप, मग तीन दिवस नो-केन, असे कारखान्यालाही परवडत नाही आणि देहालाही नाही. गव्हाणीत मोळी रोज पडली पाहिजे.

चाळिशी ओलांडलेल्या, साखर-रक्तदाब असलेल्या सभासदांनी आधी डॉक्टरांना दाखवावे. छातीत दडपल्यासारखे झाले, चक्कर आली, तर तिथेच थांबावे. जिद्द दाखवायला पुढचा रविवार आहे.

आता खाण्यापिण्याबद्दल. आपण साखर पिकवणारी माणसे, तेव्हा हेही सांगितले पाहिजे. स्नायूंत आणि यकृतात मिळून साधारण चारशे-पाचशे ग्रॅम साखर साठवून ठेवता येते. तास-दीड तासापेक्षा जास्त मेहनत चालली, की तो साठा संपत येतो आणि माणूस गळपटतो. म्हणून लांबच्या मेहनतीत तासाला तीस ते साठ ग्रॅम साखर किंवा पिष्ट पदार्थ पोटात जावेत असे सांगतात. बाजारातल्या महागड्या बाटल्यांत मुख्यतः साखर, मीठ आणि पाणीच असते. आम्ही गुळाचा खडा, केळे आणि लिंबू-मीठ-साखरेचे पाणी यावर भागवतो. मात्र ज्यांना मधुमेह आहे त्यांनी हा प्रयोग आपल्या मनाने करू नये. आणि बांधावर बसून रस पिण्याला हा नियम लागू नाही!

मैत्री म्हणजे गरज

या चार महिन्यांत आम्हांला जे कळले, ते थोरल्यांच्या संमतीने येथे सांगतो.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या घरची लक्ष्मी गेली. मुलगा पुण्याला नोकरीला, लेक सासरी. गड्याने रान फाळ्याने दिले आणि दार लावून घेतले. गावातले लोक येत, "मन घट्ट करा, देवधर्म करा, बाहेर पडा," असे सांगून जात. सांगणाऱ्यांचे काही चुकत नव्हते. पण सांगून कोणी बाहेर पडत नाही. आम्ही ठरवले तेव्हा त्यांना उपदेश करायला गेलो नव्हतो. वहिनींना पोहायला शिकायचे होते, आम्हां दोघांना धड शंभर फूट पोहता येत नव्हते, आणि गावात पाण्याची खरी माहिती असलेला माणूस तेवढा एकच. आम्ही म्हणालो, "तुम्ही पोहू नका हवं तर. नुसता दोर धरून काठावर बसा. तुमच्याशिवाय आम्ही पाण्यात उतरणार नाही."

पहिला आठवडा ते आले नाहीत, आणि आम्हीही उतरलो नाही. रोज पहाटे त्यांच्या दारात जायचो, पाच मिनिटे थांबायचो, परत यायचो. आठव्या दिवशी दार उघडे होते. दोर खांद्यावर टाकून ते उभे होते. काठावर पाच-सहा दिवस बसले. मग आमचे हातपाय मारणे बघवेना म्हणून स्वतःच पाण्यात उतरले. आज ते सर्वांच्या आधी येतात. त्यांनी आम्हांला पोहायला शिकवले, आणि त्यांना सोबत लाभली. यात कोणी कोणावर उपकार केले, याचा हिशोब लागत नाही. पैऱ्याचा हिशोब असाच असतो. बैल कोणाचे जास्त राबले हे कोणी मोजत नाही.

म्हणून आमचे म्हणणे असे, की माणसाला धीर देण्यापेक्षा त्याला काम द्यावे. तू आलास तर बरे, यापेक्षा तुझ्यावाचून अडले आहे, हे शब्द जास्त ताकदीचे आहेत. कर्ज, नापिकी, घरातले दुःख यांनी माणसे आतल्या आत मिटत जातात, हे आपण गावोगाव बघतो. व्यायामाने कर्ज फिटत नाही, हे आम्हांलाही ठाऊक आहे. पण रोज पहाटे आपली कोणीतरी वाट बघते आहे, एवढे माहीत असलेला माणूस सहसा तुटत नाही.

स्पर्धेच्या दिवशी मात्र ज्याचे त्याला पळावे लागते. सरावात एकाने पुढे राहून वारा अडवला, तर मागच्या सायकलस्वाराची सुमारे पाव हिस्सा ताकद वाचते. परंतु हौशी स्पर्धकांच्या बहुतेक शर्यतींत असे मागे चिकटून जाण्यास मनाई असते. ते बरोबरच आहे. जोडीदाराने आपल्याला सुरुवातीच्या रेषेपर्यंत आणायचे, पुढचे अंतर आपले. तरीही प्रसंग असा येतो, की माणूस पहिल्या नंबरापेक्षा जोडीदाराला मोठे मानतो. १८ सप्टेंबर २०१६ रोजी मेक्सिकोतील कोझुमेल येथे जागतिक मालिकेच्या शेवटच्या शर्यतीत इंग्लंडचा जॉनी ब्राऊनली सर्वांच्या पुढे असताना शेवटच्या काही शे मीटरवर उन्हाने झोकांड्या खाऊ लागला. मागून आलेल्या त्याच्या थोरल्या भावाने, अॅलिस्टरने, त्याला खांद्याला धरून रेषेपर्यंत ओढत आणले आणि स्वतःच्या आधी रेषेपलीकडे ढकलले. पहिला नंबर दक्षिण आफ्रिकेच्या हेन्री शूमनने घेतला. जॉनी दुसरा, अॅलिस्टर तिसरा. महिन्यापूर्वीच रिओ ऑलिंपिकमध्ये याच अॅलिस्टरने सुवर्ण आणि जॉनीने रौप्य मिळवले होते. त्या सुवर्णपदकापेक्षा लोकांना तो ओढत नेल्याचा क्षणच जास्त लक्षात राहिला.

आपल्या मातीतही दाखले कमी नाहीत. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला जाऊन कुस्तीत कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांना पाठवायला गावकऱ्यांनी वर्गणी काढली होती. वाळवा तालुक्यातल्या पेठचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले, आणि १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक जिंकले. ऊसपट्ट्यातल्या पाण्यात आणि मातीत काही कमी नाही.

कारखान्याकडे आमचे मागणे

आम्हांला बक्षीस नको, सत्कार नको, डिजिटल फलक तर नकोच. सायकली आमच्या जुन्याच आहेत, हेल्मेट तेवढे नवे घेतले, कारण स्पर्धेत ते सक्तीचे आहे आणि रस्त्यावरही असावे. परंतु तीन गोष्टी एकट्याच्या आवाक्यातल्या नाहीत, आणि म्हणून त्या वार्षिक सभेपुढे याव्यात असे आम्हांस वाटते.

एक : पोहण्याची जागा. आपण लहानपणी पाठीला पत्र्याचा डबा नाहीतर पांगाऱ्याचे वाळके लाकूड बांधून विहिरीत शिकलो. आता विहिरी बुजल्या किंवा कठडा ढासळून पडल्या, कूपनलिका आल्या, आणि पोरे पोहायला न शिकताच मोठी होतात. दर उन्हाळ्यात कुठे ना कुठे विहिरीत, कालव्यात पोरगे बुडाल्याची बातमी येतेच. मुलींना तर शिकायला जागाच नाही. वहिनींना सुरुवातीचे धडे घ्यायला आठवड्यातून दोनदा एसटीने कोल्हापूरच्या तलावावर जावे लागले. दर गटात एक तरी विहीर पायऱ्या, दोर, हवेच्या ट्यूबा आणि काठावर जाणता माणूस अशा व्यवस्थेने पोहण्यासाठी राखावी, आणि त्यात स्त्रियांची वेगळी वेळ असावी. एकट्याने पाण्यात उतरायचे नाही, हा नियम मोठ्या अक्षरांत लावावा. याच ओघात नदीचेही बोलले पाहिजे. पंचगंगेच्या पाण्यात उतरावे की नाही, असा विचार करण्याची वेळ आपल्यावर आली आहे. त्याला शहराचे सांडपाणी कारण आहे, तसा उद्योगांचाही वाटा आहे, आणि कारखाने त्यातून सुटत नाहीत. कारखान्याचे मालक आपणच. मळीच्या पाण्याचा एक थेंबही ओढ्यात जाऊ नये, हे बघणे आपलेच काम.

दोन : रस्ता. हंगाम सुरू झाला की पहाटेच्या अंधारात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर आणि बैलगाड्या रस्त्याने चालतात. कित्येकांना मागे दिवा नाही, चमकपट्टी नाही. सायकलवाला तर सोडाच, मोटरसायकलवर दवाखान्याला निघालेला माणूसही त्यावर आदळतो. चमकपट्टी लावल्याशिवाय ट्रॉलीला काट्यावर घेऊ नये, असा कडक नियम एक हंगाम पाळून बघावा. याचा लाभ आम्हां चौघांना नव्हे, सर्वांना आहे.

तीन : माणसे. शेती विभागाची माणसे गावोगाव जातात, लागणीच्या नोंदी घेतात. त्यांच्याकडे एक वही जादा द्यावी. कोणाला पोहायला शिकवता येते, कोणाला शिकायचे आहे, कोणाला पळायला जोडीदार हवा, कोण पोलीस भरतीची तयारी एकट्याने करतो आहे, याची नोंद व्हावी. कोण कोणाच्या दारात जाऊन घंटा वाजवायची, ते मग गाव ठरवील. भरतीसाठी डांबरी रस्त्याच्या कडेने एकटी पळणारी पोरं आम्हांला रोज दिसतात. त्यातली काही दोन वर्षे अपयश आले की खचतात. त्यांच्यासोबत चार कर्ती माणसे पळू लागली, तर त्यांना धीर येईल आणि कर्त्यांचे पोटही आत जाईल. दोन्ही अंगांनी फायदाच.

कोणी म्हणेल, की ही कामे कारखान्याची नव्हेत. कारखान्याने शाळा काढल्या, दवाखाने काढले, सामुदायिक विवाह लावले. तेव्हा हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. आणि खर्चाचे म्हणाल, तर दोर, ट्यूबा आणि चमकपट्ट्या यांना एका सत्काराच्या मांडवाइतकाही खर्च येणार नाही.

आमची ट्रायथलॉन पुरी होईल का, कितव्या क्रमांकाने होईल, हे आम्हांला आज सांगता येत नाही. बहुधा शेवटच्या काही जणांत आम्ही असू. त्याचे वाईट वाटणार नाही. मात्र स्पर्धा झाली तरी पहाटेचा पैरा मोडायचा नाही, असे चौघांनी ठरवले आहे. तो वाढावा, एवढीच इच्छा.

ज्यांना यायचे आहे त्यांनी रविवारी पहाटे साडेपाचला कारखान्याच्या पेट्रोल पंपासमोर यावे. सायकल कसलीही चालेल, फक्त ब्रेक लागले पाहिजेत. पळता येत नसेल तर चालावे. पोहता येत नसेल तर दोर धरायला माणूस लागतोच. आणि येताना एकटे येऊ नये; शेजारच्या ज्या दाराला बरेच दिवस कडी आहे, त्या दारावर थाप मारून त्यालाही बरोबर आणावे.

— आपलेच चार सभासद